शर्ली म्हणजे काय?



आज मी एका नावाची गोष्ट सांगणार आहे. नाव आपल्या मातीतलं नाही. शर्ली. पण आपल्यापैकी पुष्कळांनी ते ऐकलेलं असेल. शाळेतल्या एखाद्या बाई, वसईकडची एखादी मैत्रीण, दवाखान्यातल्या एखाद्या सिस्टर. मी ते पहिल्यांदा ऐकलं एका दवाखान्याच्या व्हरांड्यात, आणि तेही चुकीचं ऐकलं.

पंचवीस वर्षं होत आली त्याला. माझी पत्नी बाळंतपणासाठी दाखल झाली होती आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. आतून कुणीतरी हाक मारली, ‘‘शेर्ली, ओ शेर्ली!’’ मला वाटलं, शेरअली. आमच्यात शेरअली हे नाव असतं आणि बोलताना त्याचं शेरली होतं. म्हटलं, वॉर्डबॉय आपल्यातलाच दिसतो, काही लागलं तर याला सांगता येईल. तेवढ्यात माझ्यासमोरून चष्मा लावलेल्या, पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर लगबगीनं आत गेल्या. केरळच्या होत्या. त्याच शर्ली.

आम्हाला आधीच्या दोन मुली होत्या. ही तिसरी खेप. घरात उघड कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक होतं, कारण तेच माझ्याही मनात होतं. मी कविता लिहितो. बाईच्या दुःखावरच्या माझ्या कविता तोवर छापून आल्या होत्या, त्यांना टाळ्याही मिळाल्या होत्या. आणि त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यावर एकच नाव लिहिलेलं होतं. मुलाचं. नूर. माझ्या वडिलांच्या नावातला पहिला शब्द.

मुलगी झाली. माझी फुफी सोबत आली होती. ती म्हणाली, ‘‘फिर बेटीच?’’ आणि मग हसत हसत, ‘‘अब इसका नाम ‘बस’ रखो.’’ बाकीचेही हसले. माझ्या पत्नीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी हसलो नाही, पण फुफीला गप्पही केलं नाही.

थोड्या वेळानं त्याच सिस्टर कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘नाव ठरलं असेल तर आत्ताच लिहून टाकते. नंतर नगरपालिकेत खेटे नकोत.’’

मी म्हणालो, ‘‘ठरलं होतं. पण मुलाचं.’’

‘‘काय ठरलं होतं?’’

‘‘नूर.’’

‘‘अर्थ काय त्याचा?’’

‘‘उजेड.’’

सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘‘उजेड मुलाचा वेगळा आणि मुलीचा वेगळा असतो का? लिहू?’’ आणि मी हो म्हणायच्या आत त्यांनी लिहिलंसुद्धा.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘‘तुमच्या नावाचा अर्थ काय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘अर्थ कुणाला माहीत? आमच्या नर्सिंगच्या वर्गात तीन शर्ली होत्या. तिघींनाही माहीत नव्हता.’’ आणि गेल्या.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे कधी ग्रंथालयात, कधी एखाद्या नावांच्या कोशात मी या शर्लीचा माग काढत राहिलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

शर्ली हे मुळात बाईचं नाव नाही आणि पुरुषाचंही नाही. ते गावाचं नाव आहे. इंग्लंडमध्ये या नावाची अनेक गावं आहेत. एक डर्बीशायरमध्ये, एक बर्मिंगहॅमजवळ सॉलिहलमध्ये, एक साउदॅम्प्टन शहरात सामावून गेलेलं आणि एक लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनजवळचं. यातलं डर्बीशायरचं शर्ली हे एक लहानसं खेडं. पण १०८६ साली इंग्लंडच्या राजानं सगळ्या मुलखाच्या जमिनींची जी नोंदवही करवून घेतली, तिला डूम्सडे बुक म्हणतात, तिच्यात या खेड्याचं नाव आहे. म्हणजे तिकडचा सातबाराच म्हणा ना.

आता अर्थ. जुन्या इंग्रजीतले दोन शब्द इथे जोडलेले आहेत. शेवटचा ‘ली’ म्हणजे रान, किंवा रानातली झाडं तोडून मोकळी केलेली जागा. इंग्लंडमधल्या कितीतरी गावांच्या नावांत हा ‘ली’ आहे. स्टॅन्ली म्हणजे दगडगोट्यांची मोकळी जागा. ब्रॅडली म्हणजे रुंद मोकळी जागा. ॲश्ली म्हणजे ॲश नावाच्या झाडांजवळची. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, बाभुळगाव आहेत, तसंच हे. माणसं कुठेही जावोत, आधी झाड बघतात, पाणी बघतात, आणि जे दिसेल त्यावरून जागेला हाक मारतात.

आणि शर्लीतला पहिला शब्द? त्याचा अर्थ उजळ, लख्ख. दाट झाडीत काही झाडं तोडली, वरून ऊन खाली आलं, जमीन उजळली. त्या जागेला तिथल्या शेतकऱ्यांनी नाव दिलं, उजेडाची मोकळी जागा. ते वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. नूरच्या कागदावर नाव लिहिणाऱ्या सिस्टरांचं स्वतःचं नावही उजेडाचंच होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर अभ्यासक आणखी एक शक्यता सांगतात. एखाद्या शर्लीतला पहिला शब्द ‘शायर’ हाही असू शकेल, म्हणजे परगणा. यॉर्कशायर, डर्बीशायर यांतला तो शायर. मग अर्थ होतो, परगण्याची मोकळी जागा. मुशायऱ्याला जाणाऱ्या माणसाला हा अर्थ फार आवडला असता, पण आमच्या शायराचा आणि त्या शायरचा काही संबंध नाही. आमचा शायर अरबीतून आला, तो जाणणारा, कविता करणारा. त्यांचा शायर जमीन मोजणारा. त्या शायरचा कारभारी तो शेरीफ, ज्याला मुंबईत आपण नगरपाल म्हटलं. आमच्याकडच्या शरीफ माणसाशी त्याचंही नातं नाही. शब्द सारखे ऐकू आले म्हणून सख्खे भाऊ ठरत नाहीत, हे मला शेरअलीच्या घोटाळ्यानंतर पटलेलंच होतं.

तर गाव झालं. गावावरून आडनाव झालं. डर्बीशायरच्या शर्लीत जमीन असलेलं एक सरदार घराणं पुढे शर्ली याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. ही रीत आपल्याला नवी नाही. आपण गावाला ‘कर’ जोडतो. कोकणातल्या मुसलमानांतही गावावरून आलेली, शेवटी ‘कर’ असलेली आडनावं भरपूर आहेत. उर्दू शायरांनी तर गावाला नावात मानाची जागा दिली. वली आणि सिराज दोघेही औरंगाबादी. दाग देहलवी, साहिर लुधियानवी, मजरूह सुलतानपुरी. कैफी आझमगढचे म्हणून आझमी. गाव सुटलं तरी नावातून सुटत नाही.

या आडनावाचा एक माणूस फार दूर गेला. रॉबर्ट शर्ली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो आपला भाऊ अँथनी याच्याबरोबर इराणला, शाह अब्बासच्या दरबारी पोचला आणि तिथलाच होऊन राहिला. शाहनं त्याला आपला वकील म्हणून युरोपातल्या राजांकडे पाठवलं. जन्मानं इंग्रज असलेला हा माणूस इराणी अंगरखा आणि पागोटं घालून युरोपच्या दरबारांत वावरला. त्यानं सर्केशियन वंशाच्या तेरेसा नावाच्या स्त्रीशी लग्न केलं. १६२२ साली रोममध्ये व्हॅन डाइक या मोठ्या चित्रकारानं दोघांचीही चित्रं काढली. १६२८ साली रॉबर्ट इराणातच, कझवीन शहरात वारला. झाडी तोडून केलेल्या त्या लहानशा जागेचं नाव असं फारसी मुलखात जाऊन पोचलं.

आडनावाचं पुढे पाळण्यातलं नाव कसं झालं, तेही मजेदार आहे. इंग्लंडच्या जमीनदार घरांत एक रीत पडली. आईच्या माहेरचं किंवा घराण्यातलं एखादं आडनाव टिकावं म्हणून ते मुलाला नाव म्हणून द्यायचं. सिडनी, पर्सी, स्टॅन्ली ही नावं याच वाटेनं आली. शर्लीही आलं, आणि ते मुलग्यांचं नाव म्हणून आलं. ‘पंच’ या लंडनच्या गाजलेल्या विनोदी साप्ताहिकाचे १८७० ते १८७४ या काळातले संपादक होते शर्ली ब्रुक्स. चांगले दाढीवाले गृहस्थ.

मग हे नाव बायकांचं झालं कसं? त्याला कारण एक कादंबरी आणि ती लिहिणारी एक बहीण.

यॉर्कशायरमध्ये हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मगुरूंच्या घरात ब्राँटे भावंडं वाढली. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. तिघी बहिणी लिहायच्या. बाईनं लिहिलेलं पुस्तक लोक बाईचं म्हणूनच वाचतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी टोपणनावं घेतली ती अशी, की लिहिणारा पुरुष की स्त्री हे कळू नये. करर बेल, एलिस बेल, ॲक्टन बेल. १८४७ साली शार्लटची ‘जेन एअर’ या करर बेलच्या नावानं निघाली आणि गाजली. एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ही त्याच वर्षाच्या अखेरीस आली.

शार्लटनं पुढची कादंबरी लिहायला घेतली. ती अर्ध्यावर होती, आणि घरात मृत्यू शिरला. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल गेला. डिसेंबरमध्ये एमिली गेली, तीस वर्षांची. पुढच्या मे महिन्यात ॲन गेली. आठ महिन्यांत तीन भावंडं. त्या रिकाम्या घरात शार्लटनं कादंबरी पुरी केली आणि ऑक्टोबर १८४९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिचं नाव ‘शर्ली’.

कादंबरी १८११-१२ च्या यॉर्कशायरची आहे. नेपोलियनशी लढाई चालू आहे, कापडाचा धंदा बसला आहे, गिरण्यांत नवी यंत्रं येताहेत आणि पोटावर पाय आलेले कामगार रात्री जाऊन ती यंत्रं फोडताहेत. अशा दिवसांत एक तरुण मुलगी आपल्या इस्टटीचा कारभार स्वतः बघते. ती शिट्टी वाजवते, व्यवहाराचं बोलते, लोक तिला गमतीनं कॅप्टन म्हणतात. ती शर्ली किल्डार.

तिला हे नाव कसं मिळालं ते शार्लटनं कादंबरीत सांगितलं आहे. तिच्या आईवडिलांना मुलगा हवा होता. लग्नाला आठ वर्षं झाली आणि देवानं पदरात टाकली ती मुलगीच. तेव्हा मुलगा झाला असता तर घराण्यातलं जे नाव त्याला दिलं असतं, तेच त्यांनी मुलीला दिलं. शर्ली. ती मुलगी पुढे स्वतःच म्हणते, की मला नाव पुरुषाचं दिलं आणि माझी जागाही पुरुषाची आहे, मग मी पुरुषासारखं वागले तर नवल काय!

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशातली ती चिठ्ठी मला आठवली. दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीतल्या एका जमीनदारानं जे केलं, तेच आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी पेन उचलून केलं होतं. फरक एवढाच, की त्या घरात बापाला सुचलं आणि आमच्या घरात ते बाहेरच्या बाईला सांगावं लागलं.

या कादंबरीची आणखी एक बाजू आहे. शार्लटचं चरित्र लिहिणाऱ्या एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेनं १८५७ साली नोंदवून ठेवलं आहे, की शर्ली म्हणजे एमिलीच. एमिलीला प्रकृती आणि पैसा यांचं सुख मिळालं असतं तर ती कशी झाली असती, ते शार्लटनं शर्लीत रंगवलं. कादंबरीत एक प्रसंग आहे. पिसाळलेला वाटणारा एक कुत्रा शर्लीला चावतो. ती कुणाला काही न सांगता घरात जाते, तापलेली इस्त्री उचलते आणि जखम स्वतःच्या हातानं डागते. हा प्रसंग एमिलीच्या आयुष्यात खरोखर घडलेला होता. मेलेल्या बहिणीला शार्लटनं पैसा दिला, घर दिलं, तब्येत दिली, आणि पुरुषाचं नाव दिलं. बहिणीसाठी ती तेवढंच करू शकत होती. कादंबरीच्या शेवटी तिनं शर्लीचं लग्न लावून दिलं आणि पुष्कळ वाचकांना ते रुचत नाही, मलाही फारसं रुचलं नाही. पण नाव मात्र त्या लग्नात हरवलं नाही.

उलट ते बाहेर पडलं. त्याआधी मुलीचं नाव म्हणून शर्ली जवळजवळ ऐकिवात नव्हतं. यानंतर हळूहळू लोक मुलींना ते देऊ लागले. काही काळ ते दोघांचं राहिलं. क्रॉयडनजवळच्या शर्लीत विल्यम विल्क्स नावाचे धर्मगुरू होते. १८८० साली बागेच्या कोपऱ्यात, शेतात उगवणाऱ्या तांबड्या पॉपीच्या फुलांत त्यांना एक फूल असं दिसलं, की त्याला पांढरी कड होती. त्यांनी त्याचं बी जपलं, वर्षानुवर्षं निवड करत गेले आणि फिकट गुलाबी, पांढऱ्या, केशरी फुलांची एक नवीच जात तयार झाली. तिलाही गावावरून नाव पडलं, शर्ली पॉपी. त्यामुळे पुढच्या काळात शर्ली म्हटलं की कुणाला फूल आठवे, कुणाला कादंबरी.

कॅनडाच्या एल. एम. माँटगोमेरी या लेखिकेची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही १९०८ सालची कादंबरी मुलांमध्ये अजून आवडीनं वाचली जाते. त्यातल्या पोरक्या मुलीचं आडनाव शर्ली. ॲन शर्ली. म्हातारे भाऊबहीण शेतात मदतीला म्हणून अनाथाश्रमातून मुलगा मागवतात आणि स्टेशनावर उतरते मुलगी. बघा, इथेही मुलगाच हवा होता. त्या घरातल्या बाई तिला परत पाठवायला निघतात आणि मग पाठवत नाहीत, ही त्या कादंबरीची सुरुवात. पुढच्या पुस्तकांत या ॲनला मुलं होतात आणि एका मुलाचं नाव ती ठेवते शर्ली. आपलं माहेरचं आडनाव मुलाला. जुनी रीत.

मग १९२८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात एक मुलगी जन्मली. तिच्या आईला आधीचे दोन मुलगे होते आणि तिला मुलगी हवी होती. हे वाचून मला बरं वाटलं. शर्लीच्या या सगळ्या इतिहासात मुलगी व्हावी म्हणून वाट पाहणारं हे पहिलं घर मला सापडलं. तिचं नाव शर्ली टेंपल. ती सिनेमात नाचूगाऊ लागली आणि १९३४ साली मंदीनं गांजलेल्या अमेरिकेनं तिला डोक्यावर घेतलं. त्या वर्षीच्या तिच्या एका गाजलेल्या सिनेमाचं नाव ‘ब्राइट आइज’, म्हणजे उजळ डोळे. नावाचा अर्थ तिथेही येऊन बसला, कुणी मुद्दाम न आणता. १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी अमेरिकेत नव्या मुलींच्या नावांत शर्ली दुसऱ्या क्रमांकावर होतं. हीच मुलगी मोठेपणी घाना आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांत अमेरिकेची राजदूत झाली. २०१४ साली ती गेली.

यानंतर मुलग्याला शर्ली नाव ठेवणं अवघडच झालं. त्याचं एक उदाहरण ब्राँटे बहिणींच्या यॉर्कशायरमध्येच आहे. हॅलिफॅक्स गावात १९३० साली शर्ली क्रॅबट्री नावाचा मुलगा जन्मला. त्याच्या वडिलांचंही नाव शर्लीच. शाळेत पोरं चिडवणार नाहीत तर काय! हा शर्ली मोठा होऊन पैलवान झाला. दीडशे किलोच्या वरचा गडी. आखाड्यात त्यानं नाव घेतलं बिग डॅडी, आणि टीव्हीवरच्या कुस्त्यांमुळे तो ब्रिटनमध्ये घरोघरी पोचला. आमच्या कोल्हापूरच्या तालमीत एखाद्या पैलवानाचं नाव मालती असावं, तसं ते.

आणि ज्यांना हे नाव मिळालं त्या सगळ्या मुली नाचऱ्या बाहुल्या झाल्या नाहीत. ब्रुकलिनमध्ये १९२४ साली जन्मलेल्या शर्ली चिझम १९६८ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेल्या. तिथे निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९७२ साली त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही दावा केला. शर्ली किल्डारनं ते ऐकलं असतं तर तिनं नक्की शिट्टी वाजवली असती.

आज त्या देशांत नव्या मुलींना हे नाव क्वचितच ठेवतात. ते आज्यांचं नाव झालं आहे. आपल्याकडे केरळमधल्या, वसईतल्या ख्रिस्ती घरांत मात्र ते चांगलं रुळलं. एका नर्सिंगच्या वर्गात तीन तीन.

आता थोडं आपल्याकडे बघू. मुलीला गावाचं नाव देणं आपल्याला अनोळखी नाही. काशीबाई, मथुराबाई, द्वारकाबाई, अयोध्या, गया. आमच्यात मदिनाबी. माझ्या लहानपणी आमच्या आळीत मदिनाबी आणि काशीबाई शेजारीशेजारी राहायच्या. दोघींनीही आपल्या नावाचं गाव पाहिलेलं नव्हतं. इंग्रज माणूस ज्या गावातून आला त्या गावाचं नाव मुलाला देत होता. आपण ज्या गावाला एकदा तरी जायचं आहे, त्या गावाचं नाव मुलीला दिलं. ती मुलगी आयुष्यभर चुलीपुढे बसली, तीर्थाचं नाव घेऊन.

पण आपल्याकडे दुसरीही नावं आहेत. नकोशी. नकुशी. मुलग्याची वाट बघताना मुली होत गेल्या, की शेवटच्या मुलीला हे नाव. म्हणजे आता नको, असं देवाला सांगायचं, आणि ते सांगायला पोरीचं नाव वापरायचं. शाळेच्या पटावर तेच, रेशनकार्डावर तेच, लग्नपत्रिकेतही तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला. तिथे अशा २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. बातमी वाचताना वैशाली या नावापाशी मी थांबलो. वैशाली हेही गावच. बिहारमधलं, बुद्धाच्या काळातलं नामांकित नगर. नकोशी म्हणून हाक ऐकत वाढलेल्या मुलीला शेवटी एका गावानं आपलं नाव दिलं.

फुफीनं सुचवलेलं ‘बस’ आणि साताऱ्याचं ‘नकोशी’ यांत काय फरक होता? काही नाही. तो विनोद होता असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. नकोशी हेही पहिल्यांदा कुणाच्या तरी घरात विनोदानंच म्हटलं गेलं असेल. कुणी थांबवलं नाही म्हणून ते पटावर गेलं. माझ्या मुलीचं तसं झालं नाही, कारण त्या क्षणी एक सिस्टर कागद घेऊन उभ्या होत्या.

आणि श्रोतेहो, आता जे सांगायचं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नूर हे नाव द्यायचं मला सुचलं, असं मी घरी सांगितलं. मित्रांना सांगितलं. एका कार्यक्रमात, मुलाचं नाव मुलीला देणारा कवी म्हणून माझी ओळख करून देण्यात आली आणि मी मान लववून ती स्वीकारली. माझ्या मुलीलाही मी तेच सांगत आलो. ती आता नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. या भाषणाची तयारी करताना मी तिला खरी गोष्ट सांगितली. चिठ्ठीची, फुफीची, सिस्टरांची. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘अब्बा, म्हणजे तुम्ही खिशात आणलं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच.’’ मी म्हणालो, ‘‘नव्हतं.’’ ती म्हणाली, ‘‘रेडिओवर हेही सांगा.’’ म्हणून सांगितलं.

शेवटी एकच. तो दवाखाना आता तिथे नाही. सिस्टर कधीच बदलून गेल्या. पण रेडिओ कुठेही ऐकू जातो. त्या किंवा त्यांच्या वर्गातल्या दुसऱ्या दोघी कुठे ऐकत असतील, तर त्यांच्यासाठी सांगतो. सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला तुमच्या नावाचा अर्थ विचारला होता. तुम्हाला तो ठाऊक नव्हता. मला सापडला आहे. शर्ली म्हणजे दाट झाडीतली उजेडाची मोकळी जागा. आमच्या घरात तेवढी जागा तुम्ही करून दिलीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)